मुकुट एकीला, प्रश्न साऱ्याजणींचा

मिस इंडिया स्पर्धेचा निकाल लागला की मुकुट घातलेल्या मुलींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात आणि आपल्या रेल्वे कॉलनीत, आरएमएसच्या रात्रपाळीत त्यावर दोन दिवस चर्चा रंगते. १० फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत लागलेल्या निकालाची चर्चा मात्र बरीच लांबली. किताब तेलंगणाच्या मानसा वाराणसीने मिळवला, पण कष्टकऱ्यांच्या घरी नाव झाले ते उपविजेत्या मान्या सिंहचे. ती रिक्षाचालकाची मुलगी. संध्याकाळी भांडी घासली, रात्री कॉल सेंटरमध्ये काम केले, परीक्षेच्या फीसाठी आईने दागिने गहाण टाकले, हे तिने स्वतःच सांगितले. सत्काराला ती आईवडिलांसह रिक्षातून गेली, तेव्हा आम्हालाही आनंद झाला.

परंतु त्या निकालाच्या निमित्ताने कामगारांना जो उपदेश पाजण्यात आला, तो आम्हाला मान्य नाही. जिद्द असली की बापाच्या गरिबीने काही अडत नाही, असा तो उपदेश. अडते, आणि रोज अडते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांच्या रिक्षा महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या, त्यांच्या मुलींत जिद्द नव्हती काय? जिद्द हजारो मुलींत होती, मंचावर जागा तीनच होत्या. एका घरात मुकुट आला म्हणून शेजारच्या घरातला रिक्षाच्या कर्जाचा हप्ता चुकत नाही, की कॉलेजची फी कमी होत नाही.

या स्पर्धा कोणासाठी भरतात, हेही विसरून चालणार नाही. मिस युनिव्हर्स स्पर्धा १९५२ साली सुरू केली ती कॅलिफोर्नियातील पोहण्याचे कपडे बनवणाऱ्या कंपनीने. आपल्याकडे १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले, परदेशी प्रसाधनांना बाजार खुला झाला, आणि १९९४ मध्ये सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स, तर ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. २००० साली लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा यांनी हेच दोन किताब पुन्हा आणले. या मुलींची हुशारी आणि मेहनत आम्ही नाकारत नाही. त्यांच्या चेहऱ्यामागे साबण, क्रीम आणि शांपूचा धंदा उभा राहिला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

१९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली, तेव्हा मोठी निदर्शने झाली. पोहण्याच्या पोशाखातील फेरी सेशेल्सला हलवावी लागली. मदुराईत एका तरुणाने आत्मदहन केले. त्या विरोधात दोन सूर होते. एक सूर संस्कृती बुडाल्याचा होता. त्यात आमचा सूर कधीच मिसळणार नाही. मुलीने काय घालावे हे ठरवण्याचा अधिकार जसा कंपनीला नाही, तसा तो गल्लीतल्या पुढाऱ्यालाही नाही. दुसरा सूर स्त्रीला विक्रीचा माल करणाऱ्या बाजाराविरुद्ध होता. तोच आमचा सूर आहे.

हा बाजार मंचापुरता राहत नाही, नोकरीतही शिरतो. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. त्या न्यायालयात लढल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली.

निकाल म्हणावा तर असा. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ साली केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा १३५ दिवसांवरून १८० दिवस झाली आणि ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. टपाल खात्यातल्या कारकून भगिनीला, रेल्वेच्या बुकिंग खिडकीवरच्या भगिनीला ती मिळते. त्यासाठी कोणाची उंची मोजली नाही, की कोणाला पहिला-दुसरा क्रमांक दिला नाही.

पण त्याच फलाटावर ठेकेदाराच्या हाताखाली झाडू मारणाऱ्या बाईला ही बालसंगोपन रजा नाही. ती आपल्याच स्टेशनवर राबते, आपल्याच गाड्यांचे डबे धुते, आणि आपल्या शाखेच्या सभासद यादीत मात्र बहुधा सापडत नाही. तिची मुलगीही टीव्हीवर तोच मुकुट पाहते.

आपल्या मुलींनी हवे तर मंचावर जरूर जावे. त्यांना अडवणारे आपण कोण? मात्र त्यांचे शिक्षण आणि पोटपाणी मुकुटाच्या सोडतीवर सोपवू नये. म्हणून पुढच्या शाखा सभेत प्रत्येक शाखेने ठेक्यावरील महिला कामगारांना बोलवावे, त्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, आणि समान कामाला समान वेतन व बाळंतपणाची भरपगारी रजा या त्यांच्या मागण्या आपल्या मागणीपत्रकात अगदी वर घालाव्यात.