संग्रह आणि परिग्रह : मावळातील तीन आगळी दालने

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, आत मांडलेली नाणी आणि शस्त्रे, शेजारी पिवळी पडलेली चिठ्ठी आणि भिंतीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. सहलीला निघालेल्या कुटुंबातील मुले अशा ठिकाणी पहिल्या दालनातच कंटाळतात आणि वडीलधारी मंडळी बसायला बाक शोधतात. परंतु संग्रहालयाची ही एकच तऱ्हा नाही. काय जपावे, कसे जपावे आणि कोणासाठी जपावे, या प्रश्नांची निरनिराळ्या माणसांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत आणि त्यांतून काही विलक्षण दालने उभी राहिली आहेत.

दिल्लीत सुलभ संस्थेने १९९२ साली शौचालयांचे संग्रहालय उभारले. ज्या विषयाचा उच्चारही चारचौघांत टाळला जातो, त्याचा हजारो वर्षांचा इतिहास तेथे मांडलेला आहे. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथे तुटलेल्या नात्यांचे संग्रहालय आहे. दुरावलेल्या माणसांनी पाठविलेल्या साध्यासुध्या वस्तू आणि त्यांच्यामागील हकीगती तेथे पाहावयास मिळतात. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमविल्या, अकाली गेलेल्या ‘राजा’ या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९६२ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका पित्याचे दुःख अशा रीतीने सर्वांच्या उपयोगी पडले.

पुणे-मुंबई मार्गावरील मावळ तालुका हा पाऊस, धबधबे, गड आणि लोणावळ्याची चिक्की यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच तालुक्यात, एका दिवसाच्या फेरीत पाहता येतील अशी तीन आगळी दालने आहेत. त्यांपैकी एक मेणाचे आहे, एक विचारांचे आहे आणि तिसऱ्याला कोणी संग्रहालय म्हणतच नाही. या तिन्हींकडे एकत्र पाहिले म्हणजे जैन कुटुंबाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. अपरिग्रहाला महाव्रत मानणाऱ्या परंपरेत संग्रहाला स्थान कोणते?

पहिले दालन लोणावळ्याचे. मूळचे केरळचे शिल्पकार सुनील कंडल्लूर यांचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय येथे आहे. लंडनच्या मादाम तुसाँ यांच्या संग्रहालयामुळे जगभर प्रसिद्ध झालेली ही कला. आधी मातीत चेहरा घडवावयाचा, त्याचा साचा घ्यावयाचा, त्यात तापविलेले मेण ओतावयाचे, मग डोळे बसवावयाचे, केस एकेक करून रोवावयाचे आणि कातडीचा रंग थरावर थर देऊन चढवावयाचा. काम अत्यंत चिकाटीचे आहे. राजकारणी, खेळाडू, नट आणि संतपुरुष येथे एकाच छताखाली उभे असतात. मुले हरखून जातात, छायाचित्रे काढली जातात आणि अर्ध्या तासात सर्व पाहून होते.

या दालनाला हलके लेखण्याचे कारण नाही. हुबेहूब घडविण्यामागे निरीक्षणाची साधना असते. तथापि मेणाच्या पुतळ्याचा आधार प्रसिद्धी हाच असतो. ज्याचा चेहरा लोक ओळखतात, त्याचाच पुतळा होतो. उद्या ओळखणारे उरले नाहीत, तर त्याच्याजवळ कोणी थांबणार नाही. उन्हाची तिरीप लागली तर मेण मऊ होते, आणि काळाची तिरीप लागली की कीर्तीही. बारा भावनांतील अनित्य भावना मुलांना समजावून सांगावयाची असेल, तर याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे दालन कामशेत परिसरात पाले येथील डोंगरात आहे. तेथे तिकीट नाही, कपाट नाही, मार्गदर्शक नाही. कातळात कोरलेले एक साधे लेणे, पाण्याचे टाके आणि ब्राह्मी लिपीतील एक लहानसा शिलालेख, एवढाच तेथील ऐवज. १९६९ साली हा लेख अभ्यासकांच्या दृष्टीस पडला आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया व पुराभिलेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. अक्षरांच्या वळणावरून त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या ते पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. प्राकृतातील या लेखाचा आरंभ ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी होतो. भदंत इंदरखित यांनी हे लेणे आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, करविले, असा त्याचा आशय आहे.

या चार-दोन शब्दांचे मोल फार मोठे आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही मावळातील विख्यात लेणी बौद्ध आहेत. कोकणातील बंदरांकडून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गालगत ती कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दान देणाऱ्यांची नावे आजही वाचता येतात. त्या परिसरात जैन साधूंचाही वास होता, याचा कातळावरील पुरावा पाल्याने दिला. महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन शिलालेख म्हणून त्याची गणना होते. ओडिशातील उदयगिरीवर सम्राट खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाचा आरंभही अरहंत आणि सिद्ध यांना नमस्काराने होतो. खारवेल राजा होता आणि त्याने आपल्या कारकिर्दीचा वर्षावर्षांचा वृत्तांत कोरविला. इंदरखिताने नमस्कार केला, लेणे व टाके करविले एवढेच सांगितले आणि तो थांबला.

अलीकडच्या वर्षांत लोहगड परिसरातील कातळातही अशाच नमस्काराने सुरू होणारा ब्राह्मी लेख गिर्यारोहकांना आढळला आणि त्यातही इंदरखित हे नाव व पाण्याच्या टाक्याचा उल्लेख अभ्यासकांनी वाचला. एकाच नावाचे दान मावळात दोन ठिकाणी दिसावे आणि दोन्हीकडे पाण्याची सोय असावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सह्याद्रीत पाऊस धो धो कोसळतो, परंतु फाल्गुन-चैत्रात डोंगरमाथ्यावर घोटभर पाणी मिळत नाही. ज्याने टाके खोदविले, त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याची तहान ओळखली होती. त्याच्या श्रद्धेचा आरंभ नमस्काराने झाला आणि तिची परिणती पाण्यात झाली.

तिसरे दालन याच परिसरात, इंद्रायणीच्या काठी पारवडी येथे उभे राहिले आहे. ‘अभय प्रभावना’ हे त्याचे नाव. उद्योजक श्री. अभय फिरोदिया यांच्या संकल्पनेतून आणि अमर प्रेरणा ट्रस्टच्या माध्यमातून साकारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. सुमारे ५० एकर परिसर, ३० दालने, ३५० हून अधिक कलाकृती, शिल्पे व प्रतिकृती, १०० फूट उंचीचा मानस्तंभ आणि भगवान ऋषभदेवांची भव्य मूर्ती असा त्याचा विस्तार आहे.

याचे आगळेपण आकारात शोधू नये. बहुतेक संग्रहालये जुन्या वस्तूंभोवती उभी राहतात. हे विचारांभोवती उभे आहे. अहिंसा, अनेकांत, अपरिग्रह, क्षमा, पुरुषार्थ या कल्पना कपाटात ठेवता येत नाहीत. म्हणून येथे चित्रपट, ध्वनी, प्रकाश, चलच्चित्रे आणि नव्याने घडविलेली शिल्पे यांचा आधार घेतला आहे. पाठशाळेत ‘अनेकांत’ हा शब्द पाठ केलेल्या मुलाला तो येथे डोळ्यांनी पाहता येतो. जैनेतर पाहुण्यालाही कोणतीही पूर्वतयारी न करता हे तत्त्वज्ञान समजू लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. एवढी वास्तू, एवढा खर्च, एवढा संग्रह. हा परिग्रह नव्हे काय? हा प्रश्न अनेक श्रावकांच्या मनात येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची मोजदाद केली नाही. वस्तूविषयीच्या मूर्च्छेला, आसक्तीला त्यांनी परिग्रह म्हटले. या कसोटीने पाहिले तर संग्रह हा आपोआप दोष ठरत नाही आणि आपोआप पुण्यही ठरत नाही. ‘हे माझे आहे’ या भावनेने जपलेली वस्तू परिग्रह होते. ‘हे पुढच्याला द्यावयाचे आहे’ या भावनेने जपलेली वस्तू ठेव होते.

जैन समाजाला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. जैसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारे, विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारे ही कोणी संग्रहालय हा शब्द उच्चारण्याआधीची संग्रहालयेच होत. वाळवी, ओल आणि आक्रमण यांतून हजारो हस्तलिखिते तेथे टिकली. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळण्याची रीत आहे. या निमित्ताने पोथ्या बाहेर काढणे, झटकणे, वेष्टने बदलणे आणि मग पूजन करणे, हा क्रम पूर्वजांनी धर्माचरणातच गुंफला. चार महिन्यांच्या पावसाळी ओलीनंतर ज्ञानपंचमी येते, यातील व्यवहारज्ञान ध्यानी घेण्याजोगे आहे. ‘अभय प्रभावना’चे उद्घाटनही ज्ञानपंचमीच्या आदल्या दिवशी झाले.

परंतु जपणूक म्हणजे केवळ बंदोबस्त नव्हे, हेही याच परंपरेने शिकविले आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे जतन झाल्या. भांडाऱ्यांची निष्ठा मोठी होती. पण ग्रंथ वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हता. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे खंड छापून प्रसिद्ध होऊ लागले आणि १६ खंडांत ते कार्य पूर्णत्वास गेले. कुलूप लावणाऱ्यांनी ग्रंथ वाचविला आणि कुलूप उघडणाऱ्यांनी तो जगविला. या दोन्ही कर्तव्यांची गरज असते.

मावळातील तीन दालनांना हाच न्याय लावून पाहावा. मेणाच्या दालनाची काळजी त्याची तिकीटखिडकी घेईल. पारवडीच्या दालनापाठीमागे न्यास आहे, साधने आहेत. प्रश्न उरतो तो पाल्याच्या त्या ओळीचा. पाऊस, शेवाळ आणि झिजणारा कातळ यांच्याशी ती दोन हजार वर्षे झुंजत आली. निसर्गापेक्षा माणसाचे भय अधिक आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही गडावर वा लेण्यात जावे, तर प्राचीन भिंतीवर खडूने, रंगाने, खिळ्याने लिहिलेली नावे दिसतात. ज्या परंपरेच्या महामंत्रात एकाही व्यक्तीचे नाव नाही, केवळ गुणांना आणि पदांना नमस्कार आहे, तिच्या प्राचीन लेखाशेजारी कोणी आपले नाव कोरावे, याहून मोठी विसंगती कोणती?

मोठ्या वास्तूला दान देणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे संगमरवरी फलक मिळतो. एका ओबडधोबड लेण्याची वाट स्वच्छ ठेवणे, टाक्यात कचरा पडू न देणे, लेखाला हात न लावणे आणि इतरांनाही लावू न देणे, याला फलक मिळत नाही. इंदरखितानंतरच्या श्रावकांची परीक्षा येथेच आहे.

म्हणून मावळची फेरी आखताना क्रम थोडा बदलावा. पावसाळा सरल्यावर, निसरडे नसेल तेव्हा, सकाळच्या पहिल्या प्रहरी पाल्याच्या लेण्याकडे जावे. पुण्याकडून लोणावळा लोकलने कामशेत स्थानकावर उतरता येते. पुढील वाट स्थानिक ग्रामस्थांना विचारून घ्यावी. गाळलेले पाणी आणि डबा बरोबर असावा, आणि रिकामे डबे व पिशव्या परत आणाव्यात. लेण्यासमोर शांत बसून मुलांना ते दोन शब्द उच्चारावयास सांगावे. रोज सकाळी घरात म्हटला जाणारा नमस्कार याच डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कोरविला, हे कळताच त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने साधणार नाही. त्यानंतर पारवडीला जाऊन त्या दोन शब्दांमागील विचार पाहावा. त्यासाठी घाई करू नये. वेळ उरला तर लोणावळ्यास मेणाचे पुतळे पाहावेत, चिक्की घ्यावी आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून परतीची गाडी धरावी.

परतीच्या वाटेवर मुलांना एकच प्रश्न विचारावा : आपल्या घरातील कोणती गोष्ट दोन हजार वर्षे टिकावी असे वाटते? कोणी आजीची पोथी म्हणेल, कोणी पणजोबांची वही, कोणी एखादा व्रतनियम. उत्तर कोणतेही येवो, ती गोष्ट त्याच आठवड्यात बाहेर काढावी, झटकावी, उघडून वाचावी आणि तिची हकीगत मुलांकडून लिहवून घ्यावी.