रतीब आहे, खाडा नाही

मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली



हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे, कारण ज्या दोन शब्दांवर माझे सगळे म्हणणे उभे आहे ते माझ्या स्वयंपाकघरातले आहेत. पहिला शब्द रतीब. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने घरी दूध येते, तो रतीब. दुसरा शब्द खाडा. आपण गावाला गेलो, दूध घेतले नाही, तो दिवस खाड्याचा. दाराआडच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची, अर्धाच लिटर घेतले तर तसे लिहायचे, आणि महिनाअखेर फुल्या मोजून तेवढे पैसे वजा करायचे. पेपरवाल्याशी हाच व्यवहार. मुलगा पुण्याला शिकत होता तेव्हा त्याच्या खानावळीतसुद्धा आधी सांगून गेले तर खाडे धरले जात. आमच्या सासूबाईंना लिहिता येत नव्हते, पण महिन्यात किती खाडे झाले ते दूधवाल्याच्या आधी त्या सांगत.

मी मिरजेत एका पतसंस्थेत २६ वर्षे रोखपाल होते. निवृत्त झाल्यावर घरचा हिशेब हीच माझी नोकरी. यंदा मार्चअखेरीला वही मिटवताना फोनवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची बेरीज केली. चित्रपट-मालिकांच्या दोन सेवा, गाण्यांची एक, फोटो साठवण्याची एक, सामान घरपोच फुकट येण्याचे सभासदत्व आणि व्यायाम शिकवणारे एक ॲप. सहा मिळून वर्षाला ६,७८० रुपये. तीन वर्षांपूर्वी यातल्या एकाही सेवेचा दर आजच्याइतका नव्हता. ही रक्कम घर बुडवणारी नाही. पण दुधाच्या दोन रुपयांच्या वाढीवर आम्ही घरात चर्चा करतो, आणि या वाढी कधी झाल्या ते मला वहीत मागे जाऊन शोधावे लागले.

दूधवाला दर वाढवतो तेव्हा चार दिवस आधी दारात येतो. "वहिनी, एक तारखेपासून दोन रुपये वाढणार," म्हणतो आणि थांबतो. तो थांबतो, हे महत्त्वाचे आहे. त्या वेळात मी म्हणू शकते, मग पाऊण लिटरच टाका, किंवा बरं, चालेल. कडबा, पेंड महागली असेल तर तेही सांगतो. दरवाढीबद्दल माझी तक्रार नाही. मला ते थांबणे हवे आहे.

फोनवरच्या रतिबाला खाडा नसतो, म्हणून मीच तो मांडायचे ठरवले. एप्रिल, मे आणि जून या ९१ दिवसांत कॅलेंडरवर दुधाच्या खुणेखाली प्रत्येक सेवेचे एक अक्षर लिहीत गेले. ज्या दिवशी घरातल्या कुणीही ती वापरली, त्या दिवशी अक्षर. नाही, तर रिकामे.

गाण्यांची सेवा ८३ दिवस वापरली गेली. हे सकाळी नाट्यसंगीत लावतात, सून रात्री बाळाला झोपवताना अंगाई लावते. दिवसाला चार रुपये पडले. त्यांनी दर आणखी थोडा वाढवला तरी मी कुरकुरणार नाही. चित्रपटांची पहिली सेवा ११ संध्याकाळी लागली, म्हणजे एका संध्याकाळी ३५ रुपये, आणि घरात पाच माणसे बघणारी. तीही ठेवली. दुसरी सेवा तीन महिन्यांत दोनदा लागली. एका वेळेचे सुमारे १३७ रुपये झाले. ती एका मालिकेसाठी घेतली होती. मालिका संपून वर्ष झाले, पैसे चालूच होते.

घरपोच सामानाच्या सभासदत्वाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. वरवर तो नफ्याचा व्यवहार दिसत होता. तीन महिन्यांचे १५० रुपये भरले आणि १४ वेळा सामान आले. दर वेळी पोचवण्याचे २५ रुपये धरले तर ३५० वाचले. पण मग मी मागच्या वर्षीचे तेच तीन महिने काढले. तेव्हा सभासदत्व नव्हते, आणि आम्ही चारच वेळा काही मागवले होते, २,७०० रुपयांचे. यंदा ५,९०० चे. चहाची दुसरी गाळणी, कधी न वापरलेले डबे, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणारीच डाळ. "फुकट येतंय" म्हणून एकेक वस्तू मागवली गेली. पोचवण्याचे पैसे वाचले ते खरे, पण सभासदत्वाची किंमत त्याच्या वर्गणीत नव्हतीच, ती खरेदीत होती. सभासदत्व परवडते की नाही हे ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की वाचलेले पैसे मोजू नका, त्या काळात एकूण गेलेले पैसे मोजा.

फोटोंच्या सेवेचा खाडा मात्र मांडताच आला नाही. ती रोज वापरली जात नाही आणि एक दिवसही बंद करता येत नाही. नातवाचे बारसे, माझ्या आईचे शेवटचे फोटो त्यात आहेत. फुकटची जागा भरली तेव्हा पैसे भरण्यावाचून मार्ग दिसला नाही, आणि आता दर कितीही वाढला तरी आम्ही भरूच. सोडून जाता येत नाही अशा ठिकाणी "परवडत नसेल तर बंद करा" या उत्तराला अर्थ नाही. असे साठवलेले सगळे फोटो एका दिवसात, सोप्या रीतीने बाहेर काढून देण्याची सक्ती असली तरच तिथे ग्राहकाला निर्णय उरतो. कृपया याकडे वेगळे लक्ष द्या.

व्यायामाचे ॲप. ९१ दिवसांत एकही अक्षर नाही. पहिल्या वर्षी सवलतीत ४५० रुपयांना घेतले होते. दुसऱ्या वर्षी ९५० कापले जाणार असल्याचा संदेश आला तेव्हा मी कोल्हापूरला भाचीच्या लग्नात होते. संदेश वाचेपर्यंत पैसे गेलेले. त्यात रक्कम होती, तारीख होती. मागच्या वर्षी किती भरले होते ते नव्हते. बंद करायला गेले तर आधी कारण विचारले, मग सवलत दाखवली, मग "तुमची प्रगती पुसली जाईल" असे लिहून आले. शेवटी ते ॲप सोडून पैसे भरायच्या ॲपमध्ये गेले आणि तिथे ऑटोपेची, म्हणजे आपोआप वसुलीच्या आदेशांची, यादी शोधून आदेश रद्द केला. पाऊण तास गेला. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलेली बाई आहे. माझ्या जाऊबाईंना हे जमले नसते.

मला माहीत आहे की या बाबतीत काहीच झालेले नाही असे नाही, आणि जे झाले आहे त्याची मला कदर आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला शिस्त लावली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यायची, आणि तो व्यवहार किंवा सगळा आदेश नाकारायची सोय ठेवायची. त्यापूर्वी तर कापल्यावरच कळायचे. आपल्या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि फसव्या रचनेचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. त्यात वर्गणीचा सापळा आहे. रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे म्हणजे सापळा, असे आपण स्वच्छ लिहिले आहे. त्याच यादीत आपोआप होणाऱ्या वसुलीचा एक प्रकार आहे, आणि त्याच्या उदाहरणांत न वापरलेल्या सुविधांचे पैसे घेणे हेही आले आहे.

ते वाचले तेव्हा मला सासूबाई आठवल्या. दिल्लीत बसून कुणीतरी खाडाच लिहिला होता.

पण तो कागदावरून कॅलेंडरपर्यंत आलेला नाही. जून २०२५ मध्ये आपण ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करण्याचा सल्ला दिलात. पतसंस्थेत आम्हीही रोज संध्याकाळी स्वतःची रोकड मोजायचो, तरी वर्षाला बाहेरचा लेखापरीक्षक यायचाच. आपल्या पेटीची मोजणी आपणच केली की पुरे, असे कुणी म्हटले असते तर सभासदांनी ते ऐकून घेतले नसते.

सभासद या शब्दाबद्दलही मला बोलायचे आहे. आमच्या गावातल्या वाचनालयाची वर्गणी गेल्या वर्षी महिना ४० वरून ७० रुपये झाली. टक्क्यांत पाहिले तर माझ्या यादीतल्या बऱ्याच दरवाढींपेक्षा ही मोठी. पण वाढीआधी वार्षिक सभा झाली. ताळेबंद वाटला. विजेचे बिल, ग्रंथपाल बाईंचे तुटपुंजे मानधन, दिवाळी अंकांचा खर्च, सगळे समोर होते. एका आजोबांनी विरोध केला, दोघांनी ज्येष्ठांना सवलत मागितली आणि ती मिळाली. मी वाढीच्या बाजूने हात वर केला. यंदा एप्रिल ते जून या तीन महिन्यांत मी नऊ पुस्तके आणली; एका पुस्तकाचे २३ रुपये पडले. पण ते मी नंतर मोजले. हात वर केला तेव्हा मनात दुपारी तिथे अभ्यासाला बसणारी मुले होती. तशीच मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचे सामान एकत्र खरेदी करते आणि सभासद त्याच्या वाटपाचे कामही करतात. आमच्या भाषेत सभासद म्हणजे ज्याला सभेत बसता येते, विचारता येते. फोनवरच्या कंपन्या आम्हाला मेंबर म्हणतात, पण दर ठरताना आम्ही कुठेच नसतो. शब्द वापरायचा तर त्याच्या हक्कातला थोडा तरी भाग द्यावा.

दर कमी होतच नाहीत असेही मी म्हणत नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला मोबाइलचा मासिक दर १९९ वरून १४९ वर आणला होता. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ वरून १,४९९ झाली. २०१६ मध्ये ती ४९९ पासून सुरू झाली होती. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९ रुपये तेव्हा ठरवले गेले. ही घोषणा उघड झाली, यात चोरी नाही. पण आकडा तोच ठेवून माल बदलला, तर तीही दरवाढच धरली पाहिजे. दुधात पाणी वाढले आणि भाव तोच राहिला, तर घरात कुणी त्याला जुना भाव म्हणत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे. नूतनीकरणाची सूचना किमान सात दिवस आधी यावी. २४ तासांत माणूस प्रवासातही असू शकतो. त्या सूचनेत मागचा दर आणि नवा दर शेजारी शेजारी असावा, आणि सरत्या काळात आम्ही ती सेवा किती दिवस वापरली तेही असावे. ही माहिती त्यांच्याजवळ असतेच. रात्री अकराला कोणता चित्रपट अर्धवट सोडला हे ते लक्षात ठेवतात, मग आठ महिन्यांत एकदाही आलो नाही हे त्यांना ठाऊक नसेल असे मी मानत नाही. सलग तीन महिने वापर शून्य असेल तर वसुली आपोआप थांबावी, आणि पुन्हा हवी असेल तर आम्ही हो म्हणू. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून, संकेतस्थळावर करार करता येत असेल तर तो तिथेच रद्द करण्याचे बटण देणे बंधनकारक आहे. तसे बटण आम्हाला मराठीत हवे. काही भाग रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतो हे मी जाणते. आपण तिकडे लिहिलेत तर ते माझ्या पत्रापेक्षा लवकर ऐकले जाईल.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर व्यायामाच्या ॲपची तक्रार मी नोंदवली आहे. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले, मराठीत बोलली. ९५० रुपये परत येतील की नाही माहीत नाही. चित्रपटांच्या दुसऱ्या सेवेचे नूतनीकरण या महिन्याच्या १९ तारखेला आहे. तिचा आदेश मी रद्द केला आहे आणि कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आहे, पैसे खरेच गेले नाहीत ना हे पाहण्यासाठी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल, मिरज