संवादाचा पूर, नोंदींचा दुष्काळ

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून वैनगंगेत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले आणि गोंदिया, भंडाऱ्यापासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या नदीकाठाने भीषण पूर अनुभवला. पाणी ओसरल्यावर चर्चा झाली ती पावसाइतकीच सूचनेचीही. दोन राज्यांच्या यंत्रणांमध्ये समन्वय होता काय, इशारा गावापर्यंत वेळेत पोहोचला काय, हे प्रश्न तेव्हा जाहीरपणे विचारले गेले. धरणातून सुटलेल्या पाण्याला सीमा ओलांडण्यास अनेक तास लागतात. संदेशाला क्षण पुरतो. हातोहाती मोबाइल आलेल्या काळातही हे प्रश्न उपस्थित व्हावेत, याचा अर्थ उणीव साधनांची नसून पद्धतीची आहे.

समाजमाध्यमांचे शासनाला वावडे आहे, असे म्हणता येणार नाही. शासकीय संस्थांनी या माध्यमांचा वापर कसा करावा, याची मार्गदर्शक चौकट केंद्र सरकारने २०१२मध्येच आखून दिली. जुलै २०१४मध्ये ‘मायगव्ह’ सुरू झाले. डिसेंबर २०१५मध्ये मुंबई पोलीस ट्विटरवर आले आणि त्यांच्या मिश्कील शैलीचे कौतुक झाले. फेब्रुवारी २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवर देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. मात्र या साऱ्या प्रवासात समाजमाध्यमाकडे प्रामुख्याने ध्वनिक्षेपक म्हणूनच पाहिले गेले. ध्वनिक्षेपकावरून सांगितलेले ऐकू येते. ते टिकत मात्र नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात या त्रुटीची किंमत मोजावी लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा प्रामुख्याने धानावर जगतो. आधारभूत किमतीने धान विकायचे तर शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद असावी लागते, बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. खरेदी करणाऱ्या यंत्रणाही दोन : काही भागांत पणन महासंघ, तर आदिवासी पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळ. नोंदणीची मुदत ठरते, मग ती वाढते, कधी पुन्हा वाढते. पहिल्या मुदतीचा संदेश आणि मुदतवाढीचा संदेश एकाच वेळी गटागटांतून फिरत राहतात. त्यातला खरा कोणता, हे ठरवण्याची सोय सालेकसा किंवा देवरीच्या दुर्गम गावातील शेतकऱ्याकडे नसते. माहिती मिळत नाही ही त्याची अडचण नव्हे. शेवटची माहिती कोणती हे कळत नाही, ही आहे. अशा वेळी जवळच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने धान देऊन मोकळे होण्याचा मोह त्याला झाला, तर दोष त्याला देता येत नाही.

इथेच ‘विकी’ या कल्पनेचा विचार करावा लागतो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. अनेकांनी मिळून लिहावे, चूक दिसली की दुरुस्त करावी आणि प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह राहावी, हे त्याचे सूत्र. मराठी विकिपीडिया याच सूत्रावर २००३पासून उभा आहे. न्यूझीलंडमध्ये २००७ साली नव्या पोलीस कायद्याचा मसुदा विकीवर ठेवून नागरिकांना त्यात दुरुस्त्या सुचवू दिल्या गेल्या. कॅनडाच्या शासनाने २००८मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत विकी सुरू केला. दोन्हीकडे निर्णयाचा अधिकार शासनाकडेच राहिला. बदलली ती ज्ञान साठवण्याची रीत.

जिल्हा पातळीवर याचे रूप अगदी साधे असू शकते. प्रत्येक गावाचे एक पान, प्रत्येक योजनेचे एक पान. खरेदी केंद्र कुठे, मुदत कोणती, ती केव्हा बदलली, कोणत्या आदेशाने बदलली. नदीने इशारा पातळी ओलांडल्यास गावाने कुठे हलायचे. मागच्या पुरात पाणी कोणत्या पारापर्यंत आले होते. ही शेवटची माहिती मंत्रालयात मिळत नाही, ती गावच्या वृद्धांकडे असते. समाजमाध्यमावरील संदेशाने मग मजकूर न वाहता केवळ या पानाकडे बोट दाखवावे. अधिकाऱ्याची बदली झाली, तरी पान आणि त्यातील अनुभव जिल्ह्यातच राहील.

यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५च्या चौथ्या कलमानुसार अभिलेखांची सूची करणे आणि नागरिकाने न मागता माहिती प्रसिद्ध करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. हे करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घ्यावे, असेही हे कलम सांगते. मराठीबरोबरच पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या जिल्ह्यात या तरतुदीला विशेष अर्थ आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१०पासून ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवरून गोंडीभाषकांना आपली गाऱ्हाणी आवाजात नोंदवण्याची वाट दाखवली. ज्याला लिहिता येत नाही, त्यालाही नोंद करता येते, हे त्यातून दिसले.

आक्षेप दोन घेतले जातील. पहिला, कोणीही काहीही लिहील. परंतु सूचना सर्वांची आणि मान्यता जबाबदार अधिकाऱ्याची, अशी व्यवस्था करता येते. शिवाय २०२१पासून ई-पीक पाहणीद्वारे सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शासनाने शेतकऱ्याच्याच हाती दिली आहे. जमिनीच्या अभिलेखात विश्वास ठेवता येतो, तर पुराच्या खुणेबाबत तो का ठेवता येऊ नये? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जंगलातील गावांत मोबाइलला जाळेच मिळत नाही. तो खराच आहे. म्हणूनच ग्रामपंचायतीचा फळा आणि गावातील दवंडी मोडीत काढून चालणार नाही. फळ्यावर लिहायचे काय आणि दवंडीत सांगायचे काय, याचा एकच, दिनांकित आणि खात्रीचा उगम असावा, इतकीच अपेक्षा आहे.

शासनाला बोलण्याची सवय लागली, हे चांगलेच झाले. आता बोललेले नोंदवण्याची, चुकलेले दुरुस्त करण्याची आणि ती दुरुस्ती लोकांना पाहू देण्याची सवय लागायला हवी. वैनगंगेला पुन्हा पूर येईल. तेव्हा काठावरच्या गावाला हजार संदेशांपेक्षा एका विश्वासार्ह नोंदीचाच आधार अधिक वाटेल.