झाकली मूठ

काही अध्यापक आणि विद्यार्थी मिळून आम्ही जुन्या युरोपीय वीरकाव्यांचे उतारे मराठीत आणून पाहत होतो. अकराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाणारे फ्रेंच 'रोलांचे गीत' हाती होते. मरणासन्न रोलां आपल्या 'ड्यूरेंडाल' तलवारीला उद्देशून बोलतो, असा तो प्रसंग. तिच्या सोन्याच्या पॉमेलमध्ये संत पीटरचा दात, संत बेसिलचे रक्त, संत डेनिसचे केस आणि मेरीमातेच्या वस्त्राचा तुकडा जपलेला आहे. भाषांतर येथेच अडले. कोशात 'मूठ' एवढाच अर्थ मिळाला. परंतु हात जेथे धरतो ती मूठ आणि तिच्या मागच्या टोकावरचा हा गोळा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'तलवारीचे टोक' म्हणावे तर वाचक नेमका उलट्या बाजूला जातो. ज्या भाषेने शतकानुशतके तलवारीचे गुणगान केले, तिच्या अभ्यासकांना तलवारीच्या एका भागाचे नाव सुचू नये, याचे आम्हाला आश्चर्य वाटले आणि थोडी शरमही वाटली.

'पॉमेल' या शब्दाचा मूळ अर्थ 'छोटे फळ', 'छोटे सफरचंद'. युरोपीय तलवारीच्या पात्याचा मागचा निमुळता दांडा मुठीतून आणि या गोळ्यातून आरपार जातो आणि पलीकडे ठोकून बसवलेला असतो. सगळी तलवार त्यावर एकसंध राहते. शिवाय त्याच्या वजनामुळे तोल पात्याकडून हाताकडे सरकतो आणि लांब पाते हलके भासते. काळानुसार त्याचे आकार पालटले. व्हायकिंग काळात तीन किंवा पाच पाकळ्यांचे, दहाव्या ते बाराव्या शतकांत फोडीच्या आकाराचे, पुढे चाकासारखे वाटोळे, तर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून लांबट, अत्तराच्या कुपीच्या बुचासारखे पॉमेल विशेष दिसू लागतात.

या आकारांवरून इतिहास वाचता येतो, हे दोन अभ्यासकांनी दाखवून दिले. नॉर्वेच्या यान पेटरसन यांनी 1919 मध्ये व्हायकिंग तलवारींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते प्रामुख्याने मुठींवरून. त्या तलवारींची बरीच उत्तम पाती फ्रँक लोकांच्या प्रदेशातून, ऱ्हाईनकाठाहून आलेली होती. पाती एकसारखी, मुठी मात्र स्थानिक. तलवार कोणत्या काळातली आणि कोणत्या समाजातली, हे सांगण्याचे काम मुठीच करत होत्या. दुसरे इंग्लंडचे युअर्ट ओकशॉट (1916–2002). साहसकथा लिहिणारे कादंबरीकार जेफ्री फार्नॉल हे त्यांचे मामा, आणि मामांकडच्या जुन्या तलवारींतून भाच्याला हा नाद लागला. ओकशॉट यांनी पॉमेलच्या आकारांना इंग्रजी अक्षरे देऊन त्यांची मालिका लावली. त्यासाठी त्यांनी थडग्यांवरील योद्ध्यांच्या मूर्ती आणि चित्रे यांची साक्ष काढली. थडग्यावर काळ ठाऊक असलेला माणूस झोपलेला असतो. त्याच्या कमरेची तलवार पाहिली की त्या आकाराचा काळही उमगतो.

आता आपल्याकडे वळू. पेटरसन यांच्यासमोर जी परिस्थिती होती, नेमकी तीच सतराव्या शतकातील दख्खनमध्ये आढळते. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला येथली मूठ बसवली की ती 'फिरंग' होत असे. पाते परक्याचे हे नावातच कबूल केलेले. मूठ मात्र आपल्या हाताची, आपल्या लढण्याच्या रीतीची.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रे या नजरेने पाहावीत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (1896–1990) शस्त्रांइतक्याच मायेने अडकित्ते आणि दिवेही जमवले. वस्तू हाताला कशी लागते याचे भान असलेला तो संग्राहक होता. आपल्या वक्र तलवारीच्या मुठीच्या टोकाला गोळा नसतो; थाळीसारखी चकती असते आणि तिच्या मध्यावर कळीएवढा मोगरा. तिकडे फळ, इकडे फूल! हा फरक केवळ शोभेचा नाही. पाते पोकळ मुठीत तापवलेल्या लाखेने बसवले जाई; त्यामुळे आरपार दांडा ठोकून बसवण्याची गरज नव्हती. मूठ आखूड, चकती मनगटाला टेकणारी. मनगट मोकळे फिरू नये, वार खांद्यातून यावा आणि पाते ओढत कापत जावे, अशी ती रचना आहे. खंड्याच्या आणि फिरंगेच्या चकतीतून मात्र एक गज मागे निघतो. गरज पडली की दुसरा हात त्यावर ठेवून दुहाती वार करता येतो. बोटांच्या रक्षणाला रुंद परज असते आणि पाते दोन लोखंडी पट्ट्यांत रिबिटांनी पक्के केलेले असते. दांडपट्ट्यात तर ही टोकाची चकतीच नाहीशी होते, कारण तेथे कोपरापर्यंतचा हात लोखंडी मोज्यात जातो. तीन मुठी म्हणजे लढण्याच्या तीन पद्धती.

आमचा आक्षेप असा, की तलवारींविषयीच्या आपल्या सार्वजनिक चर्चेत हे काहीच येत नाही. 1875–76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून भेट मिळालेली तलवार, 1980 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची केलेली घोषणा, त्यावरचे वाद: सारा प्रश्न 'कोणाची' आणि 'कोठे आहे' एवढाच. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने 47 लाख रुपयांहून अधिक किमतीला रघुजी भोसले यांची तलवार मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. 'मुल्हेरी' हा शब्द त्या निमित्ताने वृत्तपत्रांत छापून आला. बागलाणातल्या मुल्हेरचे नाव एका मुठीला का लागले, असे विचारणारे मात्र फारसे कोणी भेटले नाही.

मुठी बदलल्या जातात, म्हणून त्या अविश्वसनीय साक्षीदार, असे कोणी म्हणेल. पाते आजोबांचे आणि मूठ नातवाने घातलेली, हे घडतच असे. आम्ही म्हणू, मूठ पात्याचा जन्मकाळ सांगत नसली तरी ते पाते पुढे कोणाच्या हाती आणि कशासाठी वापरले गेले हे सांगते. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी नाही. जुन्या कथेला नव्या कवीने घातलेली चौकट आपण दोष म्हणून वाचत नाही. तिच्यावरूनच कवीचा काळ ओळखतो.

वस्तू कमी उरल्या आहेत, हेही खरे. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातील निवडक शस्त्रे 1863 मध्ये मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि उरलेली मोडून भंगारात निघाली. त्यांत किती तऱ्हेच्या मुठी होत्या हे आता कोण सांगणार? परंतु ओकशॉट यांच्या थडग्यांना तोड ठरेल असा पुरावा आपल्याजवळ गावोगाव उभा आहे. तो म्हणजे वीरगळ. तळाच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, शिरोभागी चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरचे, नौकायुद्ध कोरलेले वीरगळ प्रसिद्धच आहेत. सगळ्याच वीरगळांवर लेख नाहीत, शिल्पकाराचे संकेतही लक्षात घ्यावे लागतील, आणि पुष्कळ वीरगळ शेंदराखाली किंवा झिजेखाली हरवले आहेत. तरीही लेख असलेले वीरगळ आधी घेऊन त्यांवरील मुठींची रेखाचित्रे शेजारीशेजारी मांडली, तर यादवकाळापर्यंत मागे जाणारी एक मालिका लागू शकेल. हे काम एकट्या पुरातत्त्वज्ञाचे नाही. गावाकडे सुटीला जाणारा मराठीचा विद्यार्थीही त्यातले एक पान भरू शकतो.

ऐतिहासिक कादंबरी शिकवताना आम्ही आजवर तलवारीच्या लखलखाटावर थांबलो, याची येथे कबुली देतो. आपल्या वाङ्मयातली तलवार तळपते, तहानलेली असते, विजेसारखी कडाडते. ती हातात धरलेली क्वचितच दिसते. शत्रूला पाते दिसते, लढणाऱ्याला मूठ जाणवते. शस्त्राचे शब्द हरवले की लढणाऱ्याचा अनुभवही वर्णनातून गळतो आणि मागे केवळ घोषणा उरते.

रोलांच्या ओळीत शेवटी आम्ही 'मुठीचा सुवर्णगोल' असे लिहिले. समाधान झालेले नाही. येत्या खंडेनवमीला ज्यांच्या घरी जुने शस्त्र पूजेला निघेल, त्यांनी झेंडूचे फूल वाहण्यापूर्वी मुठीचे मागचे टोक एकदा न्याहाळावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, 'याला आपल्याकडे काय म्हणतात?' झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे. पण ही मूठ फार दिवस झाकलेली राहिली आहे.