कापूस पाहतात तसा तांदूळ पाहा



खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की पुढे काय होते, ते आपल्याला सांगायला नको. ग्रेडर गाडीच्या पोटात हात घालून मूठभर कापूस उपसतो, धागा ओढून लांबी पाहतो, कवडी शोधतो, ओलाव्याचे यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भावात कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. "बापू, कापूस वला हाये," एवढ्यावर आमच्या वर्षाचा हिशोब होतो. कपातीवर आम्ही भांडतो, भांडलेच पाहिजे. पण घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा, याला आमची हरकत कधीच नव्हती.

त्याच कापसाच्या पैशातून मग लग्नाचा बाजार होतो. वऱ्हाडातल्या पंगतीला आता बासमती लागतो. चार पाहुण्यांत मान राहावा म्हणून ज्वारीच्या घरातही पाच-दहा किलो येतो. आणि दुकानात आम्ही काय करतो? पिशवीवरचे चित्र पाहतो, दुकानदार म्हणतो "एक नंबर माल आहे", आम्ही पैसे मोजून मोकळे. विकताना आमचा माल दहा हातांनी पारखला जातो, घेताना आम्ही एक हातही पुढे करत नाही. विकताना लाचार आणि घेताना आंधळे, असे दोन्हीकडून नागवले जायचे आम्ही ठरवूनच टाकले आहे की काय?

बासमती आमच्या रानातला नाही, म्हणून त्याची पारख आमच्या रक्तात नाही, हे खरे. २०१६ साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळाले. पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूकडचे काही जिल्हे, एवढाच त्याचा मुलूख. बाकी कुठे पिकलेला लांब दाणा बासमती नव्हे. भंडारा-गोंदियाचा चिन्नोर सुवासाला कमी नाही, पण तो चिन्नोर म्हणूनच घ्यावा आणि चिन्नोरच्याच भावाने घ्यावा.

बासमतीतही जाती आहेत. जुनी ३७०, तरावडी, देहरादुनी. १९८९ ची पुसा बासमती १, २००३ ची ११२१, २०१३ ची १५०९. ११२१ चा दाणा शिजल्यावर इतका लांब होतो की पंगतीत लोक बोट लावून दाखवतात, पण वास जुन्या जातींएवढा नाही. लांबी हवी की वास, हे घरात आधी ठरवा आणि दुकानात जातीचे नाव विचारा. सरकीची पिशवी घेताना आम्ही वाणाचे नाव विचारल्याशिवाय हात लावत नाही, मग तांदळाला का नाही?

दुसरी गोष्ट तुकड्याची. गिरणीत दाणा मोडतो. अख्खा वेगळा, पाऊण दाण्याचा तिबार, अर्ध्याचा दुबार, त्याहून बारीक मोगरा. चौघांचे नाव बासमतीच आणि भाव चार. मोगरा घेण्यात कमीपणा काही नाही, खिचडीला तो उत्तम. फसवणूक होते ती अख्ख्याच्या भावात दुबार मिसळून येतो तेव्हा. मूठभर तांदूळ काळ्या कपड्यावर पसरा, दोन मिनिटांत दिसेल.

नवा-जुना ओळखायला आम्हाला कोणी शिकवायला नको, ज्वारीत आम्ही तेच करतो. नवा तांदूळ पांढराफेक आणि शिजला की चिकट. वर्षभर मुरलेला किंचित पिवळसर, दाताखाली कडक, तो जास्त पाणी पितो आणि मोकळा होतो. पिशवी फोडताच अत्तराच्या दुकानासारखा वास नाकात घुसला तर सावध व्हा. दोन-तीन पाण्यांनी धुऊन पाहा. वरून लावलेला वास पाण्याबरोबर जातो, दाण्याचा स्वतःचा वास शिजताना घरभर होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या अन्न सुरक्षा नियमात बासमतीला नैसर्गिक वासच असावा, कृत्रिम रंग, वास आणि पॉलिशचे द्रव्य नसावे, असे लिहिले आहे. नियम कागदावर आहे. दुकानात तो चालवायचा तर घेणाऱ्यालाच तोंड उघडावे लागेल.

आणखी एक, जरा आमच्याच विरुद्ध. तांदूळ आणतो बाप्या आणि शिजवते बाई. ज्याने आयुष्यात भात टाकला नाही, तो दुकानात माल ठरवतो आणि भाताचा गोळा झाला की घरी येऊन बोल लावतो. मायबहिणींना दुकानात न्या. त्यांच्या बोटांना जे कळते, ते आमच्या डोळ्यांना कळत नाही.

आता भावाचे. चांगला बासमती महाग आहे आणि तो असावा, असे आम्हाला वाटते. पुष्कळांना हे रुचणार नाही. बासमतीला हमीभाव नाही, त्याची सरकारी खरेदी नाही. हरियाणा-पंजाबचा शेतकरी तो परदेशच्या बाजाराच्या भरवशावर पिकवतो. २५ ऑगस्ट २०२३ ला सरकारने टनाला १२०० डॉलरच्या खालच्या निर्यातीला अटकाव केला. कारण सांगितले की बासमतीच्या नावाखाली साधा तांदूळ बाहेर जातो. ऑक्टोबरात नवा माल बाजारात आला आणि तिकडच्या गिरणीवाल्यांनी खरेदी थांबवली. मग मर्यादा ९५० वर आली आणि सप्टेंबर २०२४ ला उठली. मधल्या काळात आमच्यातलेही काही म्हणाले, बरे झाले, लग्नाचा तांदूळ स्वस्त होईल. भावांनो, ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात बंद झाली, तेव्हा गिरणीवाले हेच म्हणाले होते. आठवडाभरात ती बंदी मागे घ्यावी लागली, पण पडलेल्या भावात ज्याने कापूस विकला, त्याला कोणी काही परत दिले का? नावाखाली दुसरा माल जातो याची काळजी दिल्लीला बंदरावर वाटते. अकोल्याच्या किराण्यात तीच गोष्ट होते, तेव्हा ती कोणाला वाटत नाही.

ही पारख आता रोजच्या तांदळालाही लागणार आहे. आत्महत्याग्रस्त म्हटल्या गेलेल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती-अकोल्यातही, केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला २०१५ पासून रेशनवर धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे, सुरुवातीला माणशी महिन्याला १५० रुपये. पैसे हातात आले म्हणजे निवड हातात आली. ती ज्वारीवर खर्च केली तर आमच्याच शेजाऱ्याच्या घरात जाईल, हेही ध्यानात असू द्या.

शेवटी चुलीजवळचे. घेतलेला माल चांगला असला तरी शिजवताना मारला जातो. तांदूळ चोळून धुऊ नका, दाणा मोडतो. पाणी निवळेपर्यंत तीन-चारदा हलक्या हाताने धुवा आणि अर्धा तास भिजू द्या. घरच्यापुरता असेल तर भिजलेल्या वाटीभर तांदळाला दीड वाटी पाणी, फार जुना असेल तर थोडे वाढवा. मंद आच, घट्ट झाकण. आटला की उतरवून दहा मिनिटे झाकण काढू नका. कुकरच्या तीन शिट्ट्या बासमतीला देऊ नका, त्यापेक्षा साधा तांदूळ आणावा. पंगतीसाठी मोठ्या गंजात भरपूर पाणी उकळवा, मीठ टाका, दाणा बोटाने दाबून मधे थोडा कडक लागला की गाळा आणि निखाऱ्यावर वाफेला ठेवा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या मायबहिणींना ठाऊक आहे, आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि भात पिवळा पडतो. तिथे उकळत्या पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकावेत, गोडे पाणी मिळाले तर तेच वापरावे.

लग्नाचा तांदूळ घेण्याआधी पावशेर नमुना घरी आणा. दहा अख्खे दाणे मोजून भिजवा, शिजवा आणि दहा कच्च्या दाण्यांशेजारी मांडा. खरा बासमती लांबीत दुपटीच्या जवळ जातो, रुंदीत फारसा फुगत नाही. जो जाडीत फुगला, त्याची पिशवी दुकानदाराला परत करा आणि त्याला तेच सांगा, जे आपल्याला केंद्रावर सांगतात. पुढच्या बैठकीला येताना घरच्या तांदळाची एक पुडी खिशात टाकून या. भाव आणि दुकानाचे गाव पुडीवर लिहा, मंडपात एका कपड्यावर सगळ्या पुड्या उघडून पाहू.