खमिराचा अभ्यास कशास?

खमिराचा दाखला आपण प्रार्थनेच्या तासास ऐकतों. वाघोलीच्या बेकरींतला फुगलेला पावही रोज पाहतों. परंतु अशा क्षुद्र जीवाच्या अभ्यासानें मुलाचें काय कल्याण होणार, असें कित्येक पालक विचारितात.

दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें कीं रोग्याचें शरीर त्यास परकें मानून त्यावर उठतें. रॅपामायसिन हें औषध तो उठाव शमवितें. कसें? १९९१ सालीं बाझेल येथें हाइटमन, मोव्वा व हॉल यांनीं हा प्रश्न यीस्टला, म्हणजे खमिरालाच, विचारिला! या औषधानें यीस्टचीही वाढ खुंटते. परंतु कांहीं पेशी त्यास न जुमानतां वाढल्या. त्यांच्यांतील बदल शोधतां ‘टॉर’ नांवाचीं दोन जनुकें सांपडलीं. औषध पेशींतील एका लहान प्रथिनास चिकटतें, आणि ही जोडी टॉरच्या प्रथिनास अडविते. मग वाढीची आज्ञाच सुटत नाहीं. मनुष्याच्या पेशींतही हाच प्रकार घडतो, हें पुढें सिद्ध झालें.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. तेथवर जाणें न जमो. पाठांतराचा एक तास तरी सूक्ष्मदर्शकाखालीं यीस्टला अंकुर फुटतांना पाहण्यास द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. खर्च चमचाभर साखरेचा व कोमट पाण्याचा.