मोडले म्हणून टाकायचे?

गेल्या सत्राच्या अखेरीस, इतिहासाचा प्रकल्प सादर करायला चार दिवस उरले असताना माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला. गोष्ट एवढीशी, पण ज्या घरात ही वस्तूच पहिल्यांदा आली, त्या घरात ती एवढीशी राहत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. थळच्या बाजारात मासळी विकून आईने साठवलेल्या अठरा हजारांत हा वापरलेला लॅपटॉप घेतला होता. कळांच्या फटींतून चहा आत उतरताना पाहिला आणि तिच्या दोन वर्षांच्या बचतीवर पाणी पडले, असेच वाटले.

भीतीपोटी मी कोणाला सांगितले नाही. वरवर पुसले आणि तासाभराने यंत्र चालू करून पाहिले. हीच मोठी चूक! कळांखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात व त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा आखलेल्या असतात. कळ दाबली की एक आडवी व एक उभी रेषा जुळते आणि यंत्राला अक्षर समजते. एक रेषा बाद झाली की तिच्यावरच्या अनेक कळा एकदमच मुक्या होतात. साधे पाणी निदान वाळून जाते; चहातली साखर मात्र चिकट थर होऊन बसते, आणि त्या ओलाव्यातून वीज खेळली तर धातू झपाट्याने गंजतो. म्हणून पेय सांडताच चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, ते पालथे घालून निथळू द्यावे आणि आतून उघडून साफ होईपर्यंत पुन्हा चालू करू नये.

माझ्या मुक्या झालेल्या कळांत इंग्रजी 'डी'ची कळ होती. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत हलन्त याच कळेवर असतो. हलन्त गेला की जोडाक्षरे गेली. 'महाराष्ट्र' लिहिता येईना आणि 'विद्यार्थी'सुद्धा लिहिता येईना!

अधिकृत सेवाकेंद्रात गेले. तिथे सांगण्यात आले, "नुसता कळफलक मिळत नाही. वरचा सगळा भागच बदलावा लागेल. साडेआठ हजार. त्यापेक्षा नवाच घ्या." घरी येऊन अखेर आईला खरे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, "जालं फाटलं म्हनून कोन दर्यान टाकतं काय गो?"

दुसऱ्या दिवशी अलिबागेत एका लहानशा दुकानात गेले. तिथल्या दादांनी मागचे स्क्रू काढून आधी बॅटरी सोडवली. मुख्य पट्टीपर्यंत चहा पोचला नसल्याचे पाहिले आणि मग मला कळफलक दाखवला. तो वरच्या झाकणाला स्क्रूने बसवलेला नव्हता. प्लास्टिकची बोंडे वितळवून कायमचा चिकटवलेला होता. त्यांनी ती बोंडे एकेक करून कापली व नवा कळफलक बसवला. सुटा भाग नऊशे, मजुरी सहाशे. प्रकल्प वेळेवर सादर झाला.

माझे म्हणणे या बोंडांविषयी आहे. कळफलक हा रोज हाताखाली येणारा, धूळ, घाम आणि चहा झेलणारा भाग. तोच कायमचा चिकटवून टाकायचा, म्हणजे वस्तू विकत घेताना तिच्या दुरुस्तीचा निर्णय आपल्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी करून ठेवलेला असतो. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते नवा घेतील. पण शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याने काय करावे?

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर, ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य आहे. पण संकेतस्थळावरच्या माहितीने चिकटवलेली बोंडे सुटत नाहीत.

प्रत्येक वस्तू दुरुस्तच करावी, असा माझा हट्ट नाही. मुख्य पट्टीच गंजली असेल, तर त्यात पैसे घालणे शहाणपणाचे नाही. हमीची मुदत शिल्लक असेल, तर बाहेर उघडण्यापूर्वी विचार करावा. परंतु हा हिशेब मांडण्याची संधी तरी ग्राहकाला मिळाली पाहिजे. मित्रमैत्रिणींनो, लॅपटॉप घेताना आपण रंग, वजन आणि वेग विचारतो. कळफलक सुटा निघतो का, हेही विचारूया. आणि आपल्या महाविद्यालयात वर्षातून एक दिवस असा असावा की त्या दिवशी कला शाखेची मुलेही हातात स्क्रूड्रायव्हर धरतील.

खांदेरी-उंदेरीसमोरच्या आमच्या किनाऱ्यावर आजही माणसे फाटलेली जाळी मांडीवर घेऊन बसलेली दिसतात. लहानपणी मला वाटे, हे गरिबीमुळे. आता वाटते, आपल्या हातातली वस्तू कशी बनली आहे हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ती त्यांना परकी होत नाही. एवढे ज्ञान पदवीबरोबर आम्हालाही मिळावे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला